बाहेरकाठ्यावरची माती

नमस्कार श्रोतेहो.

माझं लहानपण अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटात गेलं. आमची भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा सखल. समुद्र आणि शेत यांच्यामध्ये एकच मातीचा बांध, त्याला आम्ही बाहेरकाठा म्हणतो. उधाणाच्या रात्री वडील कंदील घेऊन त्या बांधावरून फिरायचे आणि मी त्यांच्या मागे. ते खेकड्यांची बिळं शोधत असायचे. अंगठ्याएवढ्या बिळातून पाणी झिरपताना दिसलं की तिथेच वाकून पेंढा आणि चिखल कोंबायचे, वरून टाचेनं दाबायचे. एकदा का बांधाला खांड पडली की खारं पाणी कुणाचं शेत आहे ते बघत नाही. पुढचे दोन-तीन पावसाळे जमिनीतलं मीठ धुऊन निघेपर्यंत धड पीक नाही.

आमच्याकडे बांधाच्या डागडुजीचा हिशेब ठरलेला असे. ज्याची जमीन जास्त, त्यानं माती जास्त टाकायची. कामावर आला नाही, तर त्याच्या वाटणीची मजुरी वसूल व्हायची. कुणी आपल्या मनानं "मी पाच पाट्या टाकीन" असं सांगून घरी जात नसे.

जगाच्या कार्बनचा हिशेब वाचताना मला हा बांध आठवतो. कारखाने, गाड्या, कोळशाची वीजकेंद्रं यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेत शेकडो वर्षं राहतो. त्यामुळे वर्षाला किती सोडला यापेक्षा आजवर एकूण किती साठला, याला महत्त्व जास्त. शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं २०२१ साली आकडा मांडला: कारखाने येण्याआधीच्या काळाच्या तुलनेत तापमानवाढ दीड अंशावर थांबण्याची निम्मी तरी शक्यता हवी असेल, तर २०२० पासून पुढे जगाला ५०० अब्ज टन कार्बन डायऑक्साइडची मुभा आहे. आपण वर्षाला साधारण ४० अब्ज टन सोडतो. म्हणजे पहिल्या ५ वर्षांतच सुमारे २०० अब्ज टन खर्ची पडले.

आणि हा खर्च करणारे हात सारखे नाहीत. अमेरिकेत माणशी वर्षाला १४ टनांच्या आसपास, आपल्याकडे २ टनांच्या आसपास. कोळसा, तेल आणि वायू जाळून आजवर हवेत गेलेल्या एकूण कार्बनपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा. खारेपाटाच्या न्यायानं पाहिलं तर मातीच्या पाट्या कुणी जास्त उचलायच्या, हे उघड आहे.

१९९७ च्या क्योटो करारात श्रीमंत देशांना कार्बन सोडण्यावर बंधनकारक मर्यादा घातली होती. अमेरिकेनं त्याला मान्यताच दिली नाही, कॅनडा नंतर बाहेर पडला. २०१५ च्या पॅरिस करारात सगळे आले खरे, पण कार्बन किती कमी करणार, हा आकडा प्रत्येकानं आपला आपणच ठरवायचा, आणि पाळला नाही तर दंड नाही. २०३५ साठीचे आकडे द्यायची मुदत फेब्रुवारी २०२५ ची होती. बहुतेक देशांनी ती चुकवली. मला याचा मनापासून राग येतो. आपल्या देशानं २०७० पर्यंत निव्वळ शून्याचं, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढाच हवेतून परत शोषून घ्यायचं, उद्दिष्ट ठेवलंय. ते लवकर गाठावं असं मला वाटतं. पण ज्यांनी आधी भरपूर जाळलं त्यांना वाट्याची सक्ती नसेल, तर आपल्या पाट्यांनी बांध उंचावणार नाही.

आणि बांध उंच करावाच लागणार आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगाच्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली. वीतभर. ऐकायला थोडं वाटतं, पण उधाणाच्या रात्री बांधाच्या माथ्यापासून पाणी वीतभरच खाली असायचं, ते मी कंदिलाच्या उजेडात पाहिलंय. त्यात ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्या रायगडच्याच किनाऱ्यावर आलं. हवा एक अंशानं तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पाऊस पडतो तोही कोसळल्यासारखा. उधाण आणि असा पाऊस एकाच वेळी आला, तर उघाडीतून, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारातून, शेतातलं पाणी बाहेर जाणार कुठे?

वडील आता नाहीत. गेल्या अमावास्येला मी बॅटरी घेऊन बांधावर गेलो होतो. वडील जिथे वाकायचे, तिथून दहा पावलांवर तीन नवी बिळं होती. बुजवून आलो.