तीन फुटांचा समुद्र आणि एक निळा दादा

(टँकचा क्लोजअप. निळा लाईट. मागे पंपाची बारीक घरघर.)

डावीकडे दोन दगडांच्या मधे ती फट दिसतेय ना, तिथे गेल्या वर्षी एक मासा राहायचा. दोन इंचाचा पण नसेल. निळाशार, दौतीतली शाई सांडावी तसा. आणि चार महिने आमच्या घरचा अख्खा समुद्र त्या एकट्याने चालवला.

समुद्र म्हणजे काय, तर डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमधे तीन फूट बाय दीड बाय दीडची काच. हिशोबाने 190 लिटर होतात, पण दगड आणि वाळू टाकल्यावर पाणी उरतं साधारण 150. त्यात लिटरला 35 ग्रॅम म्हणजे सव्वापाच किलो मीठ, ते पण घरातलं नाही, मरीन सॉल्टची वेगळी बादली येते. आजी म्हणाली एवढ्या मिठात दहा वर्षांची लोणची झाली असती. वर उन्हाळ्यात पाणी 26 डिग्रीला ठेवायला चिलर, आणि लाईट गेली की बॅटरीवरचा एअर पंप. हे सगळं शिकायला मी सहा महिने घातले. मासे कुठले घ्यायचे, कोणाचं कोणाशी जमतं, ते मात्र दुकानात उभं राहून पाच मिनिटात ठरवलं. उलटं करायला हवं होतं.

(दुकानातल्या टँकची रांग. जाळीत एक मासा, जवळजवळ काळा पडलेला.)

हा ब्लू डॅमसेल. घाबरला की काळा पडतो, म्हणून जाळीत असा दिसतोय, पाण्यात सोडून जरा शांत झाला की परत निळा. मला सांगितलं गेलं की टँक सायकल करायला आधी हा टाका, कडक मासा आहे, मरत नाही. सायकल म्हणजे असं की माशाच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी, मग एक जातीचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, ते पण विषारीच, आणि दुसरे बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात, जे थोडंफार चालून जातं. ही फौज दगडात बसायला चार ते सहा आठवडे लागतात. पूर्वी लोक तेवढे दिवस एखादा स्वस्तातला मासा अमोनियात ठेवायचे. आता कोणी करू नका, कोळंबीचा एक तुकडा पाण्यात टाकून ठेवला तरी तेच काम होतं आणि कोणाच्या जिवावर बेतत नाही.

बाकी दुकानदाराचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं. मरत नाही. तोच तर प्रॉब्लेम आहे.

दीड महिन्याने मी क्लाउनची जोडी आणली, म्हणजे ज्याला सगळी पोरं निमो म्हणतात तो. सोडल्यावर दहा मिनिटं सगळं छान, मी व्हिडिओ काढला, ग्रुपवर टाकला, सगळ्यांचे अंगठे आले. ऑफिसला गेलो. टँकसमोर दिवसभर बसते ती आजी. संध्याकाळी दारातच म्हणाली, "अरे, तुझा तो निळा मेला कुणाला जेवू देत नाही."

मी म्हटलं, आजी, सवय होईल त्याला.

"सवय त्याला झालीय. ते दोघं दुपारपासून त्या नळीच्या मागे आहेत."

(हीटरच्या मागे, काचेला चिकटून दोन केशरी मासे.)

हे मला खूप उशिरा कळलं, आणि मला वाटतं मासे कुठले जमतात या विषयातली अर्धी गोष्ट इथेच आहे. समुद्रात पण डॅमसेल असाच वागतो. त्याची एक फट असते, नराने तिथे अंडी सांभाळायची असतात, आजूबाजूला कोणी आलं की तो धावून जातो, आपल्यापेक्षा दहापट मोठ्या माशाच्या पण अंगावर जातो. पण तिथे समोरचा मासा दोन-तीन मीटर लांब निघून जातो आणि भांडण संपतं. संपलंच. काचेत तो निघून जाणार कुठे? तीन फुटाच्या टँकमधे दोन मीटर लांब अशी जागाच नाही, म्हणजे डॅमसेलच्या दृष्टीने समोरचा ऐकतच नाहीये, हद्दीतून हलतच नाहीये, मग तो परत धावतो, परत धावतो, दिवसभर. मासा दुष्ट नाही हो. आपण हद्दच एवढी दिलीय की सगळं घर त्याचं.

त्याला बाहेर काढायचा किस्सा ऐका. आधी बाटलीचा सापळा केला, एक लिटरची पाण्याची बाटली घ्यायची, मान कापून उलटी आत बसवायची, आत खाणं ठेवायचं. क्लाउन आत गेले. गोगलगाय आत गेली. हा बाहेर उभा राहून बघत होता. चार दिवस तेच. शेवटी एका रविवारी सगळे दगड बाहेर काढले, टँकच्याच पाण्याच्या बादल्यांमधे बुडवून ठेवले, कारण सुकले तर बॅक्टेरियाची फौज गेली, आणि अर्ध्या पाण्यात मी आणि भाऊ दोन जाळ्या घेऊन. तरी पाऊण तास लागला. आता तो मित्राच्या पाच फुटी टँकमधे आहे, तिथे फॉक्सफेस आणि टँग असे दोन मोठे मासे आहेत, म्हणजे तिथे हा सगळ्यात बारका. तरी गप्प नाहीच.

दगड बाहेर होतेच, तर क्लाउनची जोडी पण काढली आणि दुसऱ्या छोट्या टँकमधे ठेवली. म्हटलं आता पाटी कोरी करू.

(वहीचं पान. खोडाखोड.)

कुठल्या माशाचं कुठल्या माशाशी जमतं याचे नेटवर चार्ट मिळतात, हिरवा चौकोन म्हणजे जमतं, लाल म्हणजे नाही. मी पण तो प्रिंट काढून फ्रिजवर लावला होता. चार्ट वाईट नाही, पण त्याला तुमचा टँक किती मोठा आणि आधी कोण राहायला आलंय हे कुठे माहितीये. म्हणून मी माझे प्रश्न लिहिले, त्यातला पहिला अगदी साधा. याचं तोंड केवढं? लायनफिश बघा, काय रुबाब, पंख पसरून असा तरंगतो की बघत बसावं, आणि तो कोणाला त्रास देतच नाही, पाठलाग नाही, मारामारी नाही. फक्त जे तोंडात मावतं ते गिळतो. त्याच्यासोबत गोबी नावाचा छोटा मासा ठेवणं म्हणजे गोबी वाढून ठेवणं. पाठीवरच्या काट्यात विष असतं ते वेगळंच, टँकमधे हात घालताना लक्ष नसेल तर महागात पडतं.

दुसरा प्रश्न, खातो काय. मँडरिन नावाचा मासा दुकानात दिसला की पाय हलत नाहीत, निळ्या-केशरी पैठणीचा तुकडा पोहतोय असं वाटतं. अतिशय गरीब स्वभाव, चार्टवर हिरवेगार चौकोन. आणि नव्या टँकमधे बहुतेक वेळा उपाशी मरतो, कारण त्याला दगडावर फिरणारे कोपेपॉड नावाचे बारीक जीव दिवसभर टिपायला लागतात आणि ते नव्या टँकमधे पुरेसे नसतातच. कोणी त्याला मारलं नाही, पण जमलं पण नाही. त्यामुळे दुकानदाराला सांगायचं, दादा, माझ्यासमोर याला खायला घाला. खाल्लं तर पुढचं बोलू.

तिसरी गोष्ट दिसण्याची, आणि इथे मी फसता फसता वाचलो.

(दोन मासे शेजारी शेजारी. दोघांचं पुढचं अर्ध अंग जांभळं, मागचं पिवळं.)

सांगा बघू यातला गरीब कोण. एक आहे रॉयल ग्रामा, कॅरिबियनचा, तिकडून येतो म्हणून महाग. दुसरा रॉयल डॉटीबॅक, पश्चिम पॅसिफिकचा. दोन वेगवेगळ्या महासागरातले, पण रंग एकाच डब्यातला. ग्रामा आपल्या कपारीत राहतो, कोणी फार जवळ आलं तर तोंड उघडून दाखवतो, बस. डॉटीबॅक छोट्या टँकमधे कोळंबीपासून गोबीपर्यंत सगळ्यांचं जगणं हराम करू शकतो. आणि दुकानात दोघांना एकाच नावाने हाक मारलेली मी ऐकलीय. ओळखायचं असं, ग्रामाच्या पाठीवरच्या पंखाला पुढे एक काळा ठिपका असतो, आणि जांभळा रंग ठिपक्या-ठिपक्यांनी हळूहळू पिवळ्यात विरघळत जातो. डॉटीबॅकला तो ठिपका नाही आणि दोन रंग पट्टी लावून कापल्यासारखे. मोबाईलचा टॉर्च लावू नका, मासा बिचकतो, नुसतं पाच मिनिटं उभं राहून बघा.

आजीची एकच मागणी होती, एक पिवळा हवा. तिच्या डोक्यात यलो टँग, मित्राकडे बघितलेला. मला पण हवाच होता, खोटं कशाला बोलू. रात्री लाईट बंद झाल्यावर त्याचा पिवळा रंग फिका पडतो आणि अंगावर एक पांढरी आडवी पट्टी उमटते, बघण्यासारखं असतं. हे मासे मुख्यतः हवाईचे, टँकमधे त्यांची पिल्लं वाढवायला पहिल्यांदा यश आलं ते 2015 मधे, तेही हवाईतच. पण टँग दिवसभर पोहणारा प्राणी, तीन फुटात त्याला चार शेपट्या मारल्या की भिंत. कोंडलेला टँग चिडका होतो, आणि शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना ब्लेडसारखा काटा असतो त्याला. निमोच्या पिक्चरमधली डोरी म्हणतात तो निळा टँग तर फूटभर होतो, दुकानात मात्र दीड इंचाचा मिळतो, आणि सगळे त्या दीड इंचाला भुलतात. मी आजीला सांगितलं, पिवळा आणतो, पण वेगळा.

समुद्री घोडा पण विचारला होता तिने. तिथे विषयच नाही, समुद्री घोडे आणि दगडी प्रवाळ 2001 मधेच वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले, वाघाच्या रांगेत. कोणी हळू आवाजात, मागच्या खोलीत आहे म्हणालं तर तसंच दुकानातून बाहेर पडायचं.

(साधा टँक. वाळू नाही, पीव्हीसी पाइपचे तुकडे, स्पंज फिल्टर.)

ही आमची क्वारंटाइनची खोली. नवीन मासा आधी महिनाभर इथे. समुद्री माशांना इक होतो, अंगावर रव्याचे दाणे शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके, आणि तो परजीवी एकदा मोठ्या टँकमधे शिरला की सगळे मासे काढून टँक नुसता पाण्यावर ठेवायला लागतो, जुनी माणसं 76 दिवस सांगतात. औषध तांब्याचं असतं, त्याने कोळंबी आणि गोगलगायी मरतात, म्हणून मोठ्या टँकमधे ते टाकताच येत नाही. आणि भांडणाशी याचा काय संबंध म्हणाल, तर सतत पळवलेला मासा खात नाही, खचतो, आणि पहिला तोच आजारी पडतो.

मग क्रम ठरवला. सगळ्यात भित्रा सगळ्यात आधी. पहिली आली फायरफिश, पाठीवरची काडी सारखी वरखाली करत असते, खुट्ट झालं की बिळात नाहीतर सरळ टँकच्या बाहेर, म्हणून वर जाळीचं झाकण. मग ग्रामा, ठिपकेवाला. आणि मधे आजीचा पिवळा.

(वाळूच्या पातळीवर कॅमेरा. बिळाच्या तोंडाशी पिवळा मासा, मागून एक कोळंबी खडा ढकलत येते.)

हा यलो वॉचमन गोबी, आणि मागे पिस्टल कोळंबी. कोळंबीला जवळजवळ दिसत नाही, पण बीळ खोदण्यात एक नंबर. गोबीला खोदता येत नाही, पण नजर तीक्ष्ण. म्हणून भागीदारी. तिची मिशी बघा, बाहेर आली की एक मिशी कायम गोबीच्या अंगाला टेकलेली. त्याने शेपूट थरथरवली की ती मागच्या मागे आत, जास्त धोका असेल तर तो पण डोकं खाली करून आत. आजी याला "पहारेकरी" म्हणते, तिला कोणी इंग्रजी नाव सांगितलं नव्हतं.

क्लाउन सगळ्यात शेवटी. दिसायला गोड, पण मादी घराची मालकीण असते. यांच्यात सगळे जन्माला येतात नर, त्यातला सगळ्यात वरचढ तो मादी होतो, आणि ती गेली तर तिचा नर मादी होतो. म्हणून घेताना एक मोठा एक छोटा असे दोन पिल्लं घ्यायचे, ते आपसात ठरवतात. दोन मोठ्या माद्या एकत्र टाकल्या तर एक उरते. आणि शक्यतो हॅचरीतलेच घ्या, आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विळिंजम आणि मंडपमला यांची पैदास कधीच जमवलीय, ते काचेतच जन्मलेले असतात, पेलेट म्हणजे खाण्याचे तयार दाणे खातात. अ‍ॅनिमोन, म्हणजे समुद्रात ते ज्याच्या आसऱ्याला राहतात तो प्राणी, तो पण लागत नाही त्यांना घरात, उगाच आणू नका, तो फिरत फिरत वेव्हमेकरमधे, म्हणजे पाणी हलवणाऱ्या पंख्यात जातो.

(टँकच्या आत काचेला चिकटवलेला, भोकांचा पारदर्शक डबा. त्यात क्लाउनची जोडी.)

आजचा तिसरा दिवस. डब्यात असताना ते सगळ्यांना बघतात, सगळे त्यांना बघतात, पण चावता कोणालाच येत नाही. पहिल्या दिवशी ग्रामा येऊन तोंड उघडून गेला. मोठी क्लाउन प्लास्टिकवर दोनदा आपटली. काल ग्रामा आला, थांबला, गेला. छोटा क्लाउन मोठीसमोर आडवा होऊन थरथरतोय, तो आजारी नाहीये, तो म्हणतोय बाई तू मोठी. दगड सगळे नव्याने लावलेत, त्यामुळे जुनं घर कोणाचंच राहिलेलं नाही.

"सोड की आता त्यांना," आजी म्हणतेय.

मी म्हटलं, उद्या सकाळी. खाणं घातल्यावर ग्रामा काय करतो ते बघू आणि मग.

"तो काय करणार, तो जेवेल," आजी म्हणाली आणि खुर्ची आणखी थोडी पुढे ओढली.

(डाव्या कोपऱ्यातली फट. रिकामी. फायरफिश तिच्यापर्यंत येते, आत डोकावते.)