पुढ्यात ताट, हातात मोबाइल

नमस्कार, श्रोतेहो.

माझ्या दवाखान्यात मध्यंतरी एक आजी नातवाला घेऊन आल्या. मुलगा साडेतीन वर्षांचा. नंबर यायला वेळ होता, म्हणून आजींनी वरणभाताचा डबा उघडला, मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला आणि भरवायला सुरुवात केली. चमचा ओठांना लागला की तोंड उघडायचं, नजर पडद्यावर. डबा रिकामा झाला तरी तोंड उघडतच होतं. "बघा डॉक्टर, मोबाइल असला की कसा गपागप जेवतो!" आजी कौतुकानं म्हणाल्या. मला काळजी वाटली ती नेमकी त्याचीच.

मोबाइलमुळे मुलं बसून राहतात, म्हणून वजन वाढतं, असं आपण समजतो. ते खरंच आहे, पण अर्धंच. 1999 साली डॉ. थॉमस रॉबिन्सन यांनी अमेरिकेतल्या सॅन होजे शहरातला एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्राथमिक शाळा दोन, मुलं तिसरी-चौथीतली. एका शाळेत टीव्ही आणि व्हिडिओ गेम कमी करायला शिकवलं, दुसरीत नाही. वर्षअखेरीस पहिल्या शाळेतल्या मुलांचं वजन उंचीच्या मानानं कमी वाढलेलं होतं. ती जास्त पळू-खेळू लागली होती, असं काही ठळक दिसलं नाही. टीव्हीपुढची जेवणं मात्र घटली होती. लक्ष पडद्यात असलं की पोट भरल्याचं कळतच नाही, आणि मधेमधे खाऊच्या जाहिराती असतातच.

खेळ हवाच. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं चांगला दम लागेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जागा नाही, पार्किंगनं अंगण खाल्लं, हे पालकांचं म्हणणं मला पटतं. पण लंगडीला चार फरशा पुरतात, दोरीवरच्या उड्यांना गच्ची.

सगळं एकदम बदलू नका. आधी जेवताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. आपलासुद्धा.

त्या आजींना मी एवढंच सांगितलं होतं. पंधरा दिवसांनी त्या पुन्हा आल्या. पहिले तीन दिवस नातू रडला, अर्धवट जेवून उठला, आणि आजींचा जीव कासावीस झाला. चौथ्या दिवशी चिऊ-काऊचे घास घेता घेता त्यानं वाटीवर हात ठेवला आणि म्हणाला, "आजी, पोट भरलं."