झडपेतली पेशी आणि झडपेचा तंतू

नमस्कार श्रोतेहो. अवयवदान म्हटलं की ठाणे-नवी मुंबईतल्या घरांतही हृदय, यकृत, मूत्रपिंड एवढीच नावं निघतात. पण जे हृदय अख्खं बसवण्याजोगं नसतं, त्यातल्याही महारोहिणीच्या आणि फुप्फुस धमनीच्या झडपा अनेकदा वापरता येतात. हृदयशल्यविशारद डोनल्ड रॉस यांनी लंडनमध्ये 1962 सालीच अशी मानवी झडप बसवली होती. तिच्यासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागत नाही, हे केवढं मोठं सुख!

ही झडप टिकते कशी? आधी ती 4 अंशांना थंड ठेवतात, प्रतिजैविकांच्या द्रावणात निर्जंतुक करतात. मग 10 टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना जपणारं रसायन) असलेल्या द्रावणात घालून मिनिटाला साधारण 1 अंश या गतीने गोठवतात आणि द्रव नायट्रोजनच्या वाफेत ठेवतात. घाईने गोठवलं तर पेशींच्या आत बर्फाचे स्फटिक होतात, फार सावकाश गोठवलं तर पेशी पाणी गमावून आकसतात. खरी मेख मात्र वितळवताना असते. उणे 120 अंशांखाली झडप ठिसूळ असते. थंडगार काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतावा, तशी ती थेट कोमट पाण्यात गेली तर भिंतीला चिरा पडतात. म्हणून आधी काही मिनिटं बाहेरच्या हवेत, मगच 37 ते 40 अंशांच्या पाण्यात. त्यानंतर डीएमएसओ टप्प्याटप्प्याने धुवायचं, नाहीतर पेशी फुगून फुटतात.

एवढं करून जगवलेल्या पेशीच पुढे अडचण करतात. रक्तगट किंवा एचएलए (पेशींवरची ओळखखूण असलेली प्रथिनं) सहसा जुळवत नाहीत, त्यामुळे बहुतेक रुग्णांच्या शरीरात काही महिन्यांतच दात्याच्या एचएलएविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. दात्याच्या पेशी मरतात, झडपेला बळकटी देणाऱ्या कोलॅजेन तंतूंची डागडुजी करणारं कुणी उरत नाही आणि कॅल्शियम साठत जातं. तान्ह्या मुलांत हे फार लवकर होतं, शिवाय वाढत्या मुलाला झडप अपुरीही पडते. आमच्या मते पेशी जिवंत ठेवण्यापेक्षा कोलॅजेन आणि इलॅस्टिनचे तंतू शाबूत राखणं जास्त मोलाचं आहे. पेशी धुऊन काढलेल्या झडपांमुळे प्रतिपिंडं कमी होतात, मात्र धुण्याचा अतिरेक झाला तर तंतूच कमजोर होतात.

आईबाबांनो, तुमच्या मुलाला अशी झडप बसवली असेल आणि पुढे कधी हृदयप्रत्यारोपणाची वेळ आली, तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. आधीच तयार झालेल्या प्रतिपिंडांमुळे जुळणारा दाता मिळणं अवघड होतं, म्हणून यादीत नाव घालतानाच पीआरए ही अशी प्रतिपिंडं शोधणारी रक्ततपासणी करून घ्यावी लागते.