काचेआडचा तुकडा

नमस्कार श्रोतेहो. आज किमोनो, जपानचा पारंपरिक पोशाख. या शब्दाचा अर्थ साधाच आहे, अंगावर घालायची वस्तू. साधारण १२ मीटर लांब, दीड वीत रुंद असा एक ताका घ्यायचा. सरळ कापायचा, सरळ शिवायचा. उसवून तुकडे जोडले की पुन्हा ताका तयार! बेतायला फारसं काही नाही, म्हणून सगळी कला कापडावर उतरते. सरळ कापायचं, सरळ शिवायचं, एवढं ध्यानात ठेवा.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेनं १८७६ साली आपल्या बायकोला, कामीलला, लालभडक किमोनोत रंगवलं. पुढं इंग्लिश गायक डेव्हिड बोवीनं जपानी पोशाखकार कान्साई यामामोतोचे पोशाख घालून रंगमंच गाजवला. पण मला सांगायची आहे ती गोष्ट कुबोतांची.

इच्चिकु कुबोता, कापड रंगवणारे जपानी कलावंत. तेव्हा वय वीस. तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात काचेआड त्यांना जुन्या रेशमाचा एक तुकडा दिसला. त्सुजिगाहाना. आपल्या बांधणीसारखंच तंत्र. टाके घालून कापड आवळायचं, रंगात बुडवायचं. आवळलेल्या जागी रंग शिरत नाही. सतराव्या शतकात ही कला लोपली होती. त्या तुकड्यासमोर कुबोता तीन तास उभे राहिले. तीन तास, श्रोतेहो!

मग दुसरं महायुद्ध आलं. सैबेरियात युद्धकैदी झाले. तिथल्या बर्फावरचा सूर्यास्त त्यांच्या डोळ्यांत राहिला. परत आल्यावर आधी पोटापाण्याचं पाहिलं, आणि चाळिशी उलटल्यावर त्या तुकड्याकडे वळले. जुन्या जातीचं रेशीम मिळेना, तेव्हा आजच्या रेशमावर, आजच्या रंगांनी वाट काढली. पहिलं प्रदर्शन १९७७ साली, साठाव्या वर्षी. विसाव्या वर्षी पाहिलं, साठाव्या वर्षी दाखवलं.

जाता जाता सांगतो, कपाटातली पैठणी वर्षातून दोनदा तरी नेसा. घडीवर जर तुटते, आणि नेसल्याशिवाय तिचा पदर कुणाला दिसणार?

तर कुबोता. त्यांनी ८० किमोनोंची एक मालिका योजली. ओळीनं टांगले की एकाच्या बाहीवरचा डोंगर शेजारच्याच्या बाहीवर पुढं सरकतो, पानगळीतून हिवाळा येतो. कावागुची तळ्याकाठी, फुजी पर्वताच्या पायथ्याशी, १९९४ पासून त्यांचं संग्रहालय आहे. २००३ साली ते गेले तेव्हा मालिका पुरी झाली नव्हती. शेवटच्या बाहीवरचा डोंगर अजून पुढच्या किमोनोची वाट पाहतो आहे.