दोन मिनिटांचा मित्र

नमस्कार श्रोतेहो.

"ही इज माय बेस्ट फ्रेंड. ही इज व्हेरी काइंड. ही इज व्हेरी हेल्पफुल. ही इज ऑनेस्ट."

एवढं बोलून तो थांबला. मी घड्याळ पाहिलं. अठरा सेकंदं झाली होती आणि बोलायला दोन मिनिटं होती. त्यानं छताकडे पाहिलं, ओठ चावला आणि म्हणाला, "ही इज आल्सो व्हेरी काइंड."

इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेची तयारी करून घेणं हा माझा उद्योग. त्यामुळे असे जिवलग मित्र मला रोज भेटतात. सगळे दयाळू, सगळे प्रामाणिक, सगळे मदतीला धावणारे. पण एकाचाही चेहरा डोळ्यांसमोर येत नाही. आणि ज्याच्याबद्दल हे चाललेलं असतं, तो बहुतेक वेळा बाहेर दुचाकीवर बसून या मुलाचीच वाट पाहत असतो!

तर आज या विषयावर बोलू. मैत्री आणि माणसांत मिसळणं, तेही इंग्रजीतून, घड्याळ लावून, अनोळखी माणसासमोर.

मी प्रामुख्यानं आयल्ट्सबद्दल, म्हणजे परदेशी शिकायला किंवा कामाला जाणारे देतात त्या इंग्रजीच्या परीक्षेबद्दल बोलते आहे. ही परीक्षा 1989 पासून चालू आहे. त्यातली बोलण्याची चाचणी 11 ते 14 मिनिटांची असते. समोर एकच परीक्षक असतो आणि सगळं बोलणं रेकॉर्ड होतं. सुरुवातीची चार-पाच मिनिटं साध्या प्रश्नांची: तुम्हाला एकट्यानं राहायला आवडतं की मित्रांबरोबर, लहानपणचे मित्र अजून भेटतात का, वगैरे. मग एक कार्ड हातात येतं. त्यावर एक विषय आणि खाली काही मुद्दे. विचार करायला एक मिनिट, कागद-पेन्सिल मिळते, आणि मग एक ते दोन मिनिटं तुम्ही एकट्यानंच बोलायचं. शेवटची चार-पाच मिनिटं त्याच विषयावर जरा खोलात जाऊन चर्चा. बस, एवढीच परीक्षा.

गुण कशाला असतात? चार गोष्टींना, आणि चारींना सारखेच. बोलण्याचा ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. तुमचा मित्र किती चांगला आहे, याला एकही गुण नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण मुलं परीक्षेत मित्राच्या चारित्र्याचा दाखला द्यायला बसतात.

तर तो "आल्सो व्हेरी काइंड"वाला मुलगा. मी त्याला मराठीत विचारलं, "अरे, तुला त्याचा कधी राग येतो की नाही?"

तो एकदम सरळ बसला. म्हणाला, "मॅडम, राग? तो आयुष्यात कधी वेळेवर आलेला नाही. सिनेमाला बोलावलं तर मध्यंतरात उगवतो. पण मी घर बदललं ना, त्या दिवशी सगळ्यांच्या आधी दारात हजर. हातात दोरीचं भेंडोळं. म्हणतो, घर बदलताना खोके सगळेच आणतात, दोरी कोणी आणत नाही. आणि खरंच, मॅडम, दोरी कुणाकडेच नव्हती! कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं तेव्हा त्या दोरीनंच ते खाली उतरवलं."

मी म्हटलं, "हेच इंग्रजीत सांग."

"ही... ही ब्रिंग रोप."

"ब्रॉट."

"ही ब्रॉट अ रोप. नोबडी एल्स ब्रॉट अ रोप." आणि तो चालूच राहिला. जिन्याच्या वळणाला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना, तर हातानं वळण दाखवत म्हणाला, "द प्लेस व्हेअर द स्टेअर्स टर्न." मी काही बोलले नाही. शब्द सापडला नाही तर वळसा घालून अर्थापर्यंत पोहोचणं हेसुद्धा भाषा येण्याचंच लक्षण आहे. या वेळी घड्याळात एक मिनिट पन्नास सेकंदं झाली.

यात काय झालं? "काइंड" या शब्दाला पुढे रस्ता नाही. तो उच्चारला की संपला. दोरीला मात्र रस्ता आहे: कोण आला, कधी आला, काय म्हणाला, मग काय झालं. प्रसंग सांगायचा तर भूतकाळ आपोआप येतो, "व्हेन" येतं, "बिकॉज" येतं, दुसऱ्याचं बोलणं सांगावं लागतं. म्हणजे व्याकरणाचे जे नमुने परीक्षकाला ऐकायचे असतात, ते तुम्ही मुद्दाम न घालता येतात.

काही जण म्हणतात, मॅडम, मित्र काल्पनिक रंगवला तर चालतो का? चालतो. परीक्षक कुणाला फोन करून खात्री करत नाही. पण त्यात दुप्पट काम आहे. माणूसही तिथेच बनवायचा आणि वाक्यही तिथेच बनवायचं. खरा मित्र आयता तयार असतो, तुम्ही फक्त वाक्याची काळजी घ्यायची. त्या एका मिनिटात कागदावर वाक्यं लिहीत बसू नका. चार शब्द पुरेत. त्या मुलानं लिहिले होते: उशीर, दोरी, कपाट, जिना. त्या कागदाला गुण नसतात.

आता आपल्या, म्हणजे मराठी बोलणाऱ्यांच्या, एका खास खड्ड्याकडे येते. मैत्रीचा विषय निघाला की पहिल्या तीन वाक्यांत हा खड्डा येतोच. "मी त्याला दहा वर्षांपासून ओळखतो." मराठीत हे वाक्य निर्दोष आहे. ओळखतो, वर्तमानकाळ. आणि पासून. म्हणून आपण सरळ म्हणतो, "आय अ‍ॅम नोइंग हिम सिन्स टेन इयर्स." एका वाक्यात दोन ठेचा. इंग्रजीला तिथे "हॅव नोन" लागतं, कारण ओळख तेव्हा सुरू झाली आणि आजही आहे. शिवाय आपला "पासून" दोन कामं करतो, इंग्रजीत त्यांची दोन माणसं आहेत. मुदत सांगायची असेल तर "फॉर", सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर "सिन्स". दहा वर्षांपासून म्हणजे "फॉर टेन इयर्स". शाळेपासून म्हणजे "सिन्स स्कूल". 2014 पासून म्हणजे "सिन्स 2014". हे एक वाक्य, "आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स", आंघोळ करताना, जिना चढताना इतकं म्हणा की ते नावासारखं तोंडून यावं.

पण मराठी नेहमी आडवीच येते असं नाही. "आम्ही तासन्‌तास बोलत बसायचो, भांडायचो, परत एकत्र अभ्यास करायचो." हे बसायचो, भांडायचो, करायचो म्हणजेच इंग्रजीतलं "युज्ड टू". "वी युज्ड टू टॉक फॉर आवर्स." मनात "यचो" आलं की जिभेवर "युज्ड टू" आणा. इतका सरळ मेळ फार कमी ठिकाणी बसतो.

शब्दांचंही तसंच. मुलं म्हणींची पाठांतरं करून येतात. "अ फ्रेंड इन नीड इज अ फ्रेंड इंडीड" हे परीक्षकानं किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. पाठ केलेलं वाक्य आवाजावरूनच ओळखू येतं. वेग अचानक वाढतो, डोळे स्थिर होतात. त्यापेक्षा आपल्या तोंडी रोज असलेले मैत्रीचे शब्द आठवा आणि त्यांचे इंग्रजी जोडीदार शोधा. आपलं सूत जुळतं, ते "वी हिट इट ऑफ". आमचं छान जमतं, "वी गेट ऑन वेल". मध्ये काहीतरी बिनसलं, "वी फेल आउट". मग समेट झाला, "वी मेड अप". हळूहळू दुरावलो, "वी ड्रिफ्टेड अपार्ट". बघा, एका मैत्रीची अख्खी कुंडली पाच लहान वाक्यांत मांडता आली, आणि यातला एकही शब्द जड नाही.

दोन-तीन बारक्या गोष्टी उरकून टाकते. "वी एन्जॉइड अ लॉट" म्हणू नका. "एन्जॉय"ला पुढे काहीतरी लागतं, म्हणून "वी एन्जॉइड अवरसेल्व्ज". "डिस्कस"नंतर "अबाउट" नको. "फ्रेंड सर्कल" आपलं घरगुती इंग्रजी आहे, तिकडे "सर्कल ऑफ फ्रेंड्स". आणि मुलांनो, वर्गातल्या मैत्रिणीला "गर्लफ्रेंड" म्हणून पुढच्या प्रश्नाला लाजत बसू नका. मराठीत मैत्रीण म्हटलं की काम झालं, इंग्रजीत साधं "फ्रेंड" म्हणा, पुढच्या वाक्यातलं "शी" बाकीचं सांगतं.

आता "सोशलाइज". या शब्दानं माझ्याकडे एक गंमत झाली. एका मुलीला मी सरावात विचारलं, "डू यू लाइक टू सोशलाइज?" ती अभिमानानं म्हणाली, "येस, आय हॅव डोनेटेड ब्लड टू टाइम्स." तिनं "सोशल" ऐकलं आणि समाजकार्य समजली. दोष तिचा नाही. आपल्याकडे "सोशल" म्हणजे सामाजिक, आणि सामाजिक म्हटलं की पुढे कार्य येतंच. शिवाय "सोशलाइज"ला मराठीत एक असा नेमका शब्द नाही. कुणाकडे जाणंयेणं असतं, कुणाशी ऊठबस असते, कुणाशी घरोबा असतो. म्हणून आधी मनात अर्थ पक्का करा: माणसांना भेटणं, त्यांच्यात वेळ घालवणं. आणि जो सहज मिसळतो तो "सोशल" नाही, "सोशिएबल".

या प्रश्नाला "येस, आय लव्ह मीटिंग पीपल" असंच उत्तर द्यावं लागतं, हा समज कुठून आला कोण जाणे. मुलंच्या मुलं, जी माझ्याशी मान वर करून बोलत नाहीत, ती परीक्षेत स्वतःला मैफलीची शान म्हणवतात! मग परीक्षक विचारतो, "व्हाय?" आणि खोटं तिथेच उघडं पडतं, कारण कारण सापडत नाही. तुम्हाला गर्दी नकोशी वाटत असेल तर तसंच सांगा. "इन अ बिग ग्रुप आय मोस्टली लिसन. विथ वन फ्रेंड आय टॉक." याला कमी गुण मिळत नाहीत, उलट तुमच्याकडे सांगण्यासारखं खरं काहीतरी असतं.

तिसऱ्या भागात प्रश्न तुमच्यावरून उठून जगावर जातात. मोठेपणी मैत्री जुळवणं अवघड का होतं? इंटरनेटवरची मैत्री खरी असते का? आई-वडील मुलांचे मित्र होऊ शकतात का? इथे मुलं घाबरतात. वाटतं, आता ज्ञान लागणार. ज्ञान लागत नाही, लागतं ते कारण. तरी एक गोष्ट माहीत असावी अशी आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये मैत्रीला किती वेळ लागतो याचा अभ्यास प्रसिद्ध केला. साध्या ओळखीची वरवरची मैत्री व्हायला सोबत घालवलेले साधारण 50 तास, पुढे मित्र म्हणण्याजोगं व्हायला 90 आणि जिवलग व्हायला 200 हून अधिक. आकडे परीक्षेत फेकण्यासाठी सांगत नाही, आकड्यांना गुण नसतात. पण त्यावरून उत्तर आपोआप सुचतं. शाळेत रोजचे पाच-सहा तास एकत्र जातात, म्हणजे दीड-दोन महिन्यांत 200 तास सहज. नोकरी लागल्यावर महिन्यातून एकदा दोन तास भेटलात, तर तेवढ्याच 200 तासांना आठ वर्षं लागतील. हे इंग्रजीत चार साध्या वाक्यांत सांगता येतं, आणि परीक्षकही बहुधा मनातल्या मनात स्वतःचे तास मोजू लागेल.

परीक्षकाबद्दलही थोडं. तो तुमच्या विनोदाला हसला नाही, "ओह, रिअली?" म्हणाला नाही, तर मनाला लावून घेऊ नका. पहिल्या भागात त्याला ठरलेले प्रश्नच विचारायचे असतात. प्रश्न कळला नाही तर "कुड यू रिपीट दॅट, प्लीज?" म्हणायला लाजू नका. आणि दोन मिनिटं झाली की तो तुम्हाला मध्येच तोडतो. त्याचा अर्थ तुम्ही वाईट बोलत होतात असा नाही, वेळ संपली एवढाच. थांबण्याचंही तसंच. शब्द शोधायला अडखळणं वेगळं आणि काय सांगावं याचा विचार करायला क्षणभर थांबणं वेगळं. दुसऱ्या थांबण्याला कुणी नावं ठेवत नाही. उच्चाराच्या बाबतीत कुणाची नक्कल करू नका, तुमची ढब राहू दे. फक्त "फ्रेंड"मधला "फ" वरचे दात खालच्या ओठाला हलकेच टेकवून म्हणा. "फळ"मधला आपला "फ" तिथे जड पडतो.

तो दोरीवाला मुलगा परीक्षा देऊन मला भेटायला आला. कार्ड मित्राचं नव्हतं, कुणीतरी मदत केली तो प्रसंग सांगा, असं होतं. मी म्हटलं, मग तर झालंच तुझं! तर हा नाराज. म्हणाला, "कसलं झालं, मॅडम. सिनेमा सांगितला, त्याचं उशिरा येणं सांगितलं, खोके सांगितले, कपाट जिन्यात अडकेपर्यंत आलो आणि ते 'थँक्यू' म्हणाले."

"मग दोरी?"

"राहिलीच की. त्यांना आता कधी कळणारच नाही, कपाट खाली आलं कसं ते."