मायक्रोग्लियाची बाजू

(पुण्यात ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर ‘मेंदूतला दाह आणि स्मृतिभ्रंश’ असं छापलंय. समोरच्या अनेकांच्या घरात हा आजार आहे किंवा येऊन गेलाय, त्यामुळे प्लाक, टाउ ही मेंदूत साचणाऱ्या प्रथिनांशी जोडलेली नावं तुम्हाला नवीन नाहीत. मी आज मेंदूतल्या एका पेशीची, मायक्रोग्लियाची, बाजू मांडायला आलोय.

त्यासाठी आधी माद्रिदला जाऊ. चेतापेशींची स्पॅनिश शास्त्रज्ञ काहाल यांनी काढलेली चित्रं आम्ही आजही वर्गात दाखवतो. १९०६चं नोबेल त्यांना गॉल्जींबरोबर मिळालं. चेतापेशी आणि त्यांना आधार देणाऱ्या अॅस्ट्रोसाइट पेशी सोडून आणखी काही पेशी काहालना दिसत होत्या, पण ते वापरत त्या रंगात या पेशींच्या शाखा उमटतच नव्हत्या. ‘तिसरा घटक’ म्हणून त्यांनी त्या बाजूला ठेवल्या. त्यांच्याच हाताखाली रिओ-ओर्तेगा काम करत होते. त्यांनी सिल्व्हर कार्बोनेटची नवी रंगपद्धत बसवली आणि १९१९मध्ये दाखवलं की, या तिसऱ्या घटकात दोन जातींच्या पेशी आहेत. त्यांतली एक मायक्रोग्लिया. इजा झाली की ही पेशी शाखा आवरते, गोल होते, इजेकडे सरकते आणि मेलेल्या पेशींचा कचरा खाते. ती मूळची मेंदूतली नाही, बाहेरून आलेली आहे, हेही त्यांनी लिहिलं. केवढी नजर म्हणायची!

काहालनी मात्र बरंचसं श्रेय स्कॉटलंडचे संशोधक रॉबर्टसन यांना दिलं. त्यात रिओ-ओर्तेगांच्या प्रयोगशाळेच्या शिपायाशी कुरबुरी. सोसायटीच्या सभेत वॉचमनवरून किती वेळ जातो, हे तुम्हाला माहीतच आहे! शेवटी १९२०मध्ये रिओ-ओर्तेगांना ती प्रयोगशाळा सोडावी लागली. पुढे स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं. पॅरिस, ऑक्सफर्ड करत हा माणूस ब्युनोस आयरेसला पोहोचला आणि १९४५मध्ये तिथेच गेला. याचा मला राग येतो, आणि त्याहून जास्त राग येतो तो पुढची कित्येक वर्षं त्या पेशीकडे झालेल्या दुर्लक्षाचा. चेतापेशींवर ग्रंथच्या ग्रंथ आणि हिच्यावर एखादा परिच्छेद! २००५मध्ये जिवंत उंदराच्या मेंदूत दिसलं की, ‘स्वस्थ’ मानलेल्या या पेशी सतत शाखा हलवत आजूबाजूची चाचपणी करत असतात. २०१०मध्ये कळलं की, उंदराच्या गर्भात त्या मेंदूबाहेरच्या पीतककोशातून (योक सॅकमधून) येतात. म्हणजे ‘बाहेरून आल्या’ हे रिओ-ओर्तेगांचं म्हणणं खरंच होतं.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली. आता मुद्दा भराभर सांगतो.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी लक्ष्मी रस्ता झाडणारी माणसं आठवा. मायक्रोग्लिया तेच काम करते. पण कचरा हटतच नसेल, तर ती कायम चवताळलेली राहते, हाच मेंदूतला दाह, आणि चांगले सायनॅप्सही, म्हणजे चेतापेशींमधले सांधेही, खायला लागते. २०१६मध्ये अल्झायमरच्या उंदरांत हे दिसलं, तेही प्लाक साचायच्या आधी. म्हणून लोक म्हणतात, दाह मारा. प्रत्येक व्याख्यानानंतर कुणीतरी मेंदूची सूज उतरवणाऱ्या चूर्णाची डबी दाखवतं. कुणी विचारतं, ‘रोज एक पेनकिलर घेऊ का?’ कृपा करून घेऊ नका. अशा गोळ्या नेहमी घेणाऱ्या संधिवाताच्या रुग्णांत अल्झायमर कमी दिसतो, अशी निरीक्षणं होती. त्यावरून अमेरिकेत सत्तरी ओलांडलेल्या अडीच हजार लोकांवर नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब या दाह कमी करणाऱ्या पेनकिलरची चाचणी झाली. हृदयाच्या धोक्याच्या शंकेने २००४मध्ये औषधं थांबवली आणि स्मृतिभ्रंश काही टळला नाही. उलट पोट आणि किडनी दोन्हींवर या गोळ्यांचा भार पडतो.

नुसता दाह दाबून भागत नाही, याचा दुसरा पुरावा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मेंदूत ट्रेम-२ हा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचा संदेश टिपणारा रेणू, मुख्यतः मायक्रोग्लियावर असतो. त्याचं काम मंदावणारा एक जनुकीय बदल असलेल्यांना अल्झायमरचा धोका साधारण तिप्पट असतो, असं २०१३मध्ये सापडलं. म्हणजे या पेशी दुबळ्या झाल्या तरी आजार वाढतो. २०२३मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेलं लेकॅनेमॅब हे अल्झायमरवरचं औषध प्लाकमधल्या अमायलॉइड प्रथिनाला चिकटतं आणि तो उचलायला याच पेशी पुढे येतात. दीड वर्षाच्या चाचणीत स्मृती आणि रोजच्या कामांतली घसरण सुमारे २७ टक्के मंदावली. काहींच्या मेंदूत सूज किंवा रक्तस्राव झाला, तेही सांगायला हवं.

त्यामुळे आमच्या क्षेत्राने ‘दाह कसा दाबायचा’ हा प्रश्न सोडून, या पेशी कोणत्या टप्प्यावर आवरायच्या आणि कोणत्या टप्प्यावर त्यांना बळ द्यायचं, हे शोधावं असं मला कळकळीने वाटतं. आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. ऐकू कमी येणं, रक्तदाब, मधुमेह, प्रदूषित हवा, हे धोके वाढवणारे घटक आहेत आणि त्यांतल्या पहिल्या तिन्हींची तपासणी याच आठवड्यात करून घेता येईल.