छोटा फ्लॅश, मोठा सूर्य

मित्रहो, आधी एक हिशेब करू, मग गप्पा. स्वच्छ ऊन पडलंय, त्यात उभ्या माणसाचा फोटो काढायचाय. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, १००; शटर १/२०० सेकंद; अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ ११ (आकडा लहान तितकं छिद्र मोठं); आकाश नीट निळं येतंय. आता चेहऱ्यावर तेवढाच उजेड फ्लॅशनं पाडायचाय. चार सेलवर चालणाऱ्या साध्या फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे त्याच्या ताकदीचा आकडा, फ्लॅशचा झूम ३५ मिलिमीटरवर असताना, मीटरच्या हिशेबात ३६ च्या आसपास धरा. त्याला अ‍ॅपर्चरनं भागलं की अंतर निघतं : सव्वातीन मीटर. वाईट नाही! पण हा झाला उघडा फ्लॅश. उजेड मऊ करायला पुढे पांढरी छत्री लावली की साधारण दोन स्टॉप उजेड गेला (एक स्टॉप गेला की उजेड निम्मा), अंतर निम्म्यावर आलं. म्हणजे दीड मीटरच्या जरा पुढे, तेही पूर्ण ताकदीवर. मग प्रत्येक फोटोनंतर फ्लॅश चार्ज होईपर्यंत ताटकळायचं, आणि तोवर समोरच्याचं हसू मावळलेलं.

इथं बरेच जण हिरमुसतात आणि मोठा लाइट शोधायला लागतात. मी म्हणतो, आधी घड्याळ बघा. तीच जागा, तीच छत्री, तेच अंतर. फक्त ऊन उतरू द्या. मागचं आकाश एफ ४ ला नीट यायला लागलं की तीन स्टॉपची सूट मिळाली. पूर्ण ताकदीऐवजी १/८ पुरते. फ्लॅश लगेच तयार होतो, सेलही टिकतात. आणि दुपारीच काढायचा असेल, तर माणसाची पाठ सूर्याकडे करा. केसांना उन्हाची कड फुकट मिळते, चेहरा सावलीत येतो, आणि डोळे किलकिले होत नाहीत. मग फ्लॅश जवळ आणा, अगदी चौकटीच्या कडेपर्यंत. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. शिवाय छत्री जवळ आली की चेहऱ्याला मोठी दिसते, म्हणून सावल्याही मऊ पडतात.

आता शटरचं कोडं. फ्लॅशचा लखलखाट १/२०० सेकंदापेक्षा बराच आखूड असतो. त्यामुळे शटर १/२०० वरून १/१०० वर आणलं तर आकाश उजळतं, पण फ्लॅशनं चेहऱ्यावर टाकलेला उजेड तेवढाच राहतो. अ‍ॅपर्चर आणि आयएसओ मात्र दोन्हींवर चालतात. म्हणून आधी फ्लॅश बंद ठेवून आकाश जमवा, मग फ्लॅशची ताकद वरखाली करून चेहरा. उलट क्रमानं गेलात की गोल गोल फिरत बसाल. मी पहिलं वर्ष तेच केलं.

बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या पुढे शटरचा पडदा आड येतो आणि फोटोत काळा पट्टा उमटतो. त्यावर हाय स्पीड सिंक आहे, म्हणजे वेगवान शटरलाही फ्लॅश चालवायची सोय, पण त्यात फ्लॅशचा दोनेक स्टॉप उजेड सहज जातो. एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढं लावायची काळसर काच, फ्लॅशची ताकद वाचवतो असाही एक गैरसमज आहे. त्यानं एफ ११ चं एफ ४ करता येतं, पार्श्वभूमी धूसर होते. पण तो फ्लॅशचा उजेडही तेवढाच अडवतो. ताकद वाचत नाही.

खरेदीचं थोडक्यात. माणूस एका जागी उभा असेल तर टीटीएल, म्हणजे फ्लॅशची ताकद आपोआप ठरवायची सोय, लागत नाही, मॅन्युअल फ्लॅश पुरतो. फ्लॅश दुरून पेटवणारा ट्रिगर मात्र रेडिओचाच घ्या. दुसऱ्या फ्लॅशची चमक पाहून पेटणारा ऑप्टिकल स्लेव्ह भर उन्हात हमखास दगा देतो. घरातला जुना फ्लॅश थेट डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका. काही जुन्या फ्लॅशच्या कॅमेऱ्याला टेकणाऱ्या टोकांवर २०० व्होल्टच्याही वर दाब असतो, कॅमेरा जळू शकतो. सेल रिचार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचे घ्या. अंगावर १.५ ऐवजी १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, तरी ते साध्या अल्कलाइनपेक्षा फ्लॅश लवकर चार्ज करतात.

आणि वारा. छत्री म्हणजे शीडच. माझी एकदा स्टँड, फ्लॅश, सगळं घेऊन आडवी झाली. फ्लॅशचा पाय तुटला. तेव्हापासून स्टँडला पाण्यानं भरलेल्या बाटल्यांची पिशवी लटकवतो. कुणी सोबत असेल तर स्टँडच नको, फ्लॅश त्याच्या हातात.

मागून प्रश्न आलाय : संध्याकाळी चेहरा कागदासारखा पांढरा का दिसतो? फ्लॅशचा रंग दुपारच्या उन्हासारखा, ५५०० केल्विनच्या आसपास, आणि मागचं ऊन केशरी. फ्लॅशच्या तोंडावर नारिंगी जेलचा, म्हणजे रंगीत पारदर्शक कागदाचा, तुकडा चिकटवा. आधी फिका लावून बघा. गडद लावलात तर माणूस हळद लागल्यासारखा दिसेल.